मिक्सनशॉ हवे आहेत

एकतीस वर्षं गालिच्यांच्या गिरणीत इमानानं काढल्यावर निरोपाच्या दिवशी माझ्या हातात चांदीचा मुलामा दिलेलं एक तबक आलं. त्यावर वळणदार अक्षरांत कोरलं होतं : ‘श्री. बर्नार्ड मिक्सरशोर यांस स्नेहपूर्वक’.

मी हसलो. चारचौघांत दुसरं करणार काय? साहेबांनी भाषण केलं, त्यातही मला मिक्सरशोरच म्हणाले. बिचाऱ्यांनी तबकावरून वाचलं असणार. घरी आल्यावर डोरीन, म्हणजे आमची बायको, म्हणाली, “राहू दे रे. भिंतीकडे तोंड करून ठेवू.” पण माणसाची एकतीस वर्षं भिंतीकडे तोंड करून ठेवता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तबक कागदात गुंडाळून कोरणाऱ्याच्या दुकानात हजर.

“नाव चुकलंय,” मी म्हणालो.

“काय हवं होतं?”

“मिक्सनशॉ.”

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “असं आडनाव नसतं.”

“माझं आहे.”

“असेल. पण चाळीस वर्षं या गावातली लग्नं, मयतं आणि निवृत्त्या मी कोरतोय. मिक्सनशॉ एकदाही कोरलेलं नाही. दुसरा एक मिक्सनशॉ आणून दाखवा, फुकट बदलून देतो.”

आता बघा, पै-पै जपणाऱ्या यॉर्कशायरच्या माणसाला ‘फुकट’ म्हणणं एक आणि ‘तू नाहीसच’ म्हणणं दुसरं. दोन्ही एका वाक्यात म्हटल्यावर मी पेटलो नसतो तरच नवल. पण रस्त्यानं येताना एक गोष्ट मनात टोचायला लागली. दुसरा मिक्सनशॉ आणायचा कुठून? आईवडील गेले. भाऊबहीण नाही. आम्हाला मूलबाळ नाही. आमच्या क्रॅगली गावात मी आणि डोरीन, आणि डोरीन तर लग्नामुळं मिक्सनशॉ. म्हणजे अस्सल असा मी एकटाच. माझ्यानंतर संपलं.

हे मी शेजारच्या टॅटरसॉलला कुंपणावरून सांगितलं, ही पहिली चूक. टॅटरसॉल कबुतरं पाळतो, आणि कबुतरं घरी परत येतात म्हणून जगातलं सगळंच शोधलं की सापडतं, असं त्याचं मत आहे.

“अरे, सोपं आहे!” तो म्हणाला. “जिल्ह्याच्या दप्तरखान्यात जा. तिथं सगळ्यांचं मूळ असतं. माझ्या मेव्हण्यानं शोधलं, तर त्याचा खापरपणजोबा मेंढीचोर निघाला. आता घरी लग्नसमारंभात तेवढाच एक विषय!”

गेलो. दप्तरखान्याच्या दारातच मिस पिलिंग नावाच्या बाईंनी माझं शाईचं पेन काढून घेतलं आणि एक बोटभर पेन्सिल दिली. आत फक्त पेन्सिल चालते. मग म्हणाल्या, “प्रवेशपत्रासाठी नावाचे दोन पुरावे लागतील.”

मी गॅसचं बिल काढलं. त्यावर मिक्सेनशॉ. नगरपालिकेची पावती काढली. त्यावर निक्सनशॉ. जन्माचा दाखला मी मुद्दाम आणला होता. त्यावर कुणा घाईतल्या कारकुनानं मिक्सनशो लिहिलं होतं.

मिस पिलिंग हळुवारपणे म्हणाल्या, “तुम्ही तीन वेगवेगळे गृहस्थ आहात. मला एकच हवाय.”

“पण याच कारणासाठी तर मी आलोय!”

“कारण आत आल्यावर सांगायचं. आत यायला पुरावा लागतो. प्रतिष्ठित शेजाऱ्याचं पत्र असेल तरी चालेल.”

माझ्या शेजारात त्यातल्या त्यात प्रतिष्ठित म्हणजे टॅटरसॉलच. त्यानं मोठ्या उत्साहानं पत्र लिहून दिलं, बंद पाकिटात. मिस पिलिंगनी ते माझ्यासमोर फोडून वाचलं : ‘श्री. बर्नार्ड मिकिनशा यांना मी बावीस वर्षं चांगला ओळखतो.’

बावीस वर्षं! दर नाताळाला आम्ही याला मांसाचं सारण भरून भाजलेले पोर्क पाय पाठवतोय!

शेवटी मिस पिलिंगनाच माझी दया आली. किंवा दया नसेल, कुतूहल असेल. चारही कागद समोर पत्त्यांसारखे मांडून त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, “दुर्मीळ दिसतंय. मूळ मी शोधते. तुम्ही माणसं शोधा.”

माणसं शोधा! खोटं कशाला सांगू, त्या दोन शब्दांनी माझ्या अंगात वीज शिरली. निवृत्तीनंतर माणसं गुलाब लावतात, आगगाड्यांचे नमुने बनवतात. मला अख्खी जमात शोधायची होती!

सार्वजनिक वाचनालयात देशभरातली टेलिफोनची पुस्तकं असतात. मी रोज सकाळी डबा घेऊन जायला लागलो. पहिले नऊ दिवस काहीच नाही. मिक्सन सापडायचा, मिक्सटन सापडायचा, मग बोट खाली सरकायचं आणि थेट मोबर्ली. दहाव्या दिवशी दुपारी दक्षिणेकडच्या एका पुस्तकात माझं बोट थांबलं. ‘मिक्सनशॉ, आर., दंतवैद्य.’ मी वाचनालयात ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण मला अर्धा तास बाहेर बसवण्यात आलं.

तीन आठवड्यांत अकरा सापडले. अख्ख्या देशात अकरा! बर्मिंगहॅमचं पुस्तक तेवढं बांधणीला गेलं होतं. मी म्हटलं, बर्मिंगहॅममध्ये आपलं कोण असणार? तसंच पुढे गेलो.

अकरा पत्रं लिहिली. सगळ्यांनी एकदा क्रॅगलीत जमावं, ही कल्पना कुणाची हे आता सांगता येणार नाही. डोरीन म्हणते माझी. मला वाटतं, ती पत्रातल्या चौथ्या वाक्यात आपोआप आली. पण वर्तमानपत्रातल्या जाहिरातीची कल्पना मात्र टॅटरसॉलची, यावर मी बायबलवर हात ठेवीन. मजकूरही त्याचाच : ‘मिक्सनशॉ हवे आहेत. कुठेही असोत. कळवा.’ पत्ता माझा.

वर्तमानपत्रवाल्यांनी ती छापली पोलिसांच्या सूचनांखाली.

सोमवारी सकाळी हवालदार दारात. टोपी काढून, वही उघडून म्हणाला, “तुम्ही कुणाला शोधताय आणि त्यांनी काय केलंय?”

“काही केलेलं नाही. ते माझ्यासारखे आहेत.”

“म्हणजे तुम्ही काय केलंय?”

डोरीननं त्याला चहा आणि आल्याचा केक देऊन वाटेला लावलं. पण त्याच जाहिरातीनं खरा चमत्कार केला. आठ दिवसांनी निळ्या कागदावर, ठसठशीत अक्षरात पत्र आलं, बर्मिंगहॅमहून!

‘बाबा रे, मासे बांधून आणलेल्या कागदावर तुझी जाहिरात वाचली. मी मिसेस आयसिल्डा मिक्सनशॉ, वय सत्तर. आमची मंडळी मूळची हॅनोव्हरची. इथं आम्ही बरेच आहोत. मेळावा असेल तर कळव, घेऊन येते.’

मी खुर्चीतून उठलो, पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. “डोरीन! हॅनोव्हर!”

“मग?”

“मग काय? अगं, जर्मनीतलं हॅनोव्हर! आपले जॉर्ज राजे कुठून आले? त्यांच्याबरोबर आपलं कुणीतरी आलं असणार!”

“राजाबरोबर आलेली मंडळी बर्मिंगहॅमला कशाला राहतील?” डोरीन म्हणाली. तिच्या बोलण्यातलं शहाणपण मला नेहमी दोन महिने उशिरा कळतं.

दरम्यान दंतवैद्यांचं उत्तर आलं होतं. रुपर्ट मिक्सनशॉ यांच्या मते आमचा मूळपुरुष म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी विल्यम राजाबरोबर फ्रान्सहून समुद्र ओलांडून आलेला नॉर्मन सरदार, मिकेन द शो. घराण्याचं मानचिन्हही त्यांच्याकडे होतं : तीन रानडुकरं आणि एक बुरूज. ते त्यांनी टपालानं मागवलेलं होतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता एकीकडे नॉर्मन सरदार, दुसरीकडे हॅनोव्हरचे राजे! मी रस्त्यानं चालताना पाठ जरा जास्तच ताठ ठेवायला लागलो. टॅटरसॉल म्हणाला, “कंबर धरलीय का रे?”

सभागृहासाठी नगरपालिकेचा अर्ज भरायचा होता. ‘संस्थेचं नाव’ हा रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणून मिक्सनशॉ मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष मी, चिटणीस डोरीन. तिसरा पदाधिकारी असल्याशिवाय अर्ज घेत नाहीत आणि आमच्या घटनेप्रमाणे सभासद मिक्सनशॉच असायला हवा. तेव्हा टॅटरसॉलला ‘मानद मिक्सनशॉ’ करून घ्यावं लागलं. अर्जावर त्यानं सही केली ती ‘मिक्सिनशा’ अशी. ‘अपेक्षित उपस्थिती’ : तीस. सभागृहाची मर्यादा : साठ. रखवालदारानं बजावलं, “एकसष्टावा आत आला की मी दिवे मालवणार. आगीचा नियम आहे.” मी हसून म्हटलं, “साठ मिक्सनशॉ? अहो, एवढे देवानं जन्माला घातलेले नाहीत.”

मेळाव्याच्या आदल्या दिवशी मिस पिलिंगचा फोन आला. “मूळ सापडलं,” त्या म्हणाल्या. “आडनावांच्या कामात माझी सव्वीस वर्षं गेली, असा स्वच्छ पुरावा कधी मिळाला नव्हता. पण आता सांगत नाही. उद्या, सगळ्यांसमोर.”

मी रात्रभर कूस बदलत राहिलो. सरदार की राजा?

शनिवारी दहा वाजता सभागृहाच्या दारावर मी स्वतःच्या हातानं रंगवलेला फलक लावला : ‘मिक्सनशॉ मंडळ. स्वागत.’ आत तीस पोर्क पाय, तीस केकचे तुकडे, चहाची मोठी किटली. अकरापैकी नऊ जण आले, बायकामुलांसकट सोळा. सगळे एकमेकांचे कान आणि नाकं न्याहाळत होते. रुपर्ट निळा कोट घालून आले होते. खिशावर तीन डुकरं. आणि साडेदहाला वळणावरून एक बस आली. भाड्यानं केलेली, भली मोठी, गच्च भरलेली. दार उघडलं आणि एकेक करून काळे लोक उतरायला लागले. बायकांच्या डोक्यावर अशा टोप्या, की आमच्या गावात तशी एक टोपी आली असती तर आठवडाभर तिचीच चर्चा चालली असती. पुरुष कडक इस्त्रीच्या सुटात. कुणाच्या हातात पातेली, कुणाकडे झाकलेले ट्रे.

आता जे सांगतो ते सांगायला मला आजही जड जातं. मी पुढे झालो आणि अतिशय नम्रपणे म्हणालो, “तुमचं चुकलंय. गायकवृंदाचा कार्यक्रम असेल ना? तो मागच्या गल्लीत, मेथडिस्ट चर्चमध्ये.”

जांभळ्या टोपीतल्या एका म्हाताऱ्या बाईनं काठी टेकून मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग काठीनं फलक दाखवला.

“काय लिहिलंय त्यावर, पोरा?”

“मिक्सनशॉ.”

“वाचता येतंय म्हणजे. मी आयसिल्डा. आणि हे सगळे मिक्सनशॉ. त्रेपन्न.”

“पण... हॅनोव्हर...”

“जमैकातलं हॅनोव्हर. तुला काय वाटलं, राणीच्या माहेरचं?”

मागे डोरीन खोकली. ते खोकणं नव्हतं.

मी शरमेनं कानापर्यंत लाल झालो. पण त्याच वेळी माझ्या आत काहीतरी उड्या मारत होतं. त्रेपन्न! जिथं काल अकरा होते तिथं त्रेपन्न! आयसिल्डाबाई म्हणाल्या, “हे तर आले तेवढे. तिकडे डोंगरात अजून दोनेकशे तरी आहेत. शाळेचा मास्तर मिक्सनशॉ, पोस्टातला मिक्सनशॉ, माझ्या लहानपणी तर गाढवालाही मिक्सनशॉचं गाढव म्हणायचे.” आणि मी इकडे नाव बुडालं म्हणून सुतक धरून बसलो होतो!

रखवालदार दारात उभा राहून मोजत होता. साठाला थांबला आणि दिव्याच्या बटणाकडे निघाला. आयसिल्डाबाईंनी त्याच्या हातात तळलेल्या माशाचा तुकडा ठेवला. त्यानं तो खाल्ला. मग बोटं चाटत म्हणाला, “लहान मुलं अर्धी धरायची, असं नियमात असावं.” आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करून मुद्दाम चुकला.

तीस पोर्क पाय पाच मिनिटांत संपले. त्यानंतर पातेली उघडली आणि आमच्या सभागृहाला जन्मात आला नव्हता असा बोकडाच्या रश्श्याचा वास सुटला. दंतवैद्य तिसऱ्यांदा भात वाढून घेत होते तेव्हा मिस पिलिंग व्यासपीठावर चढल्या.

“मिक्सनशॉ या आडनावाचा पहिला उल्लेख,” त्यांनी कागद उलगडला, “तेराशे एकोणऐंशी सालचा आहे. इथून तीन मैलांवर. जहागिरीच्या कचेरीतला दंडाचा निकाल.” सगळे पुढे सरकले. मी डोरीनचा हात घट्ट धरला. “‘मिक्सनशॉचा अॅडम यानं आपला उकिरडा सरकारी रस्त्यावर पसरू दिला, सबब दोन पेन्स दंड.’ आपल्या जुन्या बोलीत मिक्सन म्हणजे शेणाचा ढीग. शॉ म्हणजे झाडी. मिक्सनशॉ म्हणजे उकिरड्याजवळची झाडी.”

त्यांचा चेहरा आनंदानं उजळला होता. सगळे मिक्सनशॉ मात्र एकमेकांकडे बघायला लागले.

“आणि सरदार?” रुपर्ट उठले. “मिकेन द शो?”

“असा कुणी नव्हता हो. पण उकिरडा मात्र नक्की होता. पुढच्या पन्नास वर्षांत त्याचे आणखी सहा दंड आहेत.” मग मिस पिलिंगनी दुसरा कागद काढला. “आणखी एक नोंद आहे. अठराशे एक. त्याच शेतावरचा धाकटा मुलगा, जोसाया मिक्सनशॉ, जमैकात उसाच्या मळ्यावर हिशेबनीस म्हणून गेला. थोरला इथंच राहिला. बर्नार्ड त्याच्या वंशातले.”

बावन्न डोकी आयसिल्डाबाईंकडे वळली. त्या सावकाश उठल्या.

“जोसायाची वही आमच्या घरात ऐकून माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या आजोबांचे वडील तेव्हा पोरगे होते. त्यांचं नाव त्या वहीत लिहिलेलं होतं, बैलांच्या नावांखाली. पुढं गुलामी सुटली तेव्हा नावं नोंदवणारा सरकारी साहेब म्हणाला, आडनाव सांगा. मळ्यावर एकच आडनाव ऐकलेलं, तेच सांगितलं. रक्ताचंही नातं असेल. ते विचारायची तेव्हा सोय नव्हती.”

मी अध्यक्ष होतो. उभा राहिलो. गेला महिनाभर आरशासमोर पाठ केलेलं भाषण खिशात होतं, त्यातलं एक अक्षर आता तोंडातून काढण्यासारखं नव्हतं.

“मिसेस मिक्सनशॉ,” मी म्हणालो, “मला माफ करा. त्या वहीचं मला माहीत नव्हतं. आणि सकाळी मी तुम्हाला मागच्या गल्लीत...”

“सकाळचं मी सावकाश बघते,” त्या म्हणाल्या. “मला आधी हे सांग. ती बाई काय म्हणाली? मिक्सन म्हणजे काय?”

“शेणाचा ढीग.”

“पुन्हा सांग.”

“उकिरडा.”

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. मग जांभळी टोपी एका कानावर आली आणि असं हसू फुटलं की किटलीचं झाकण वाजलं.

“माझी आजी,” त्या डोळे पुसत म्हणाल्या, “दर रविवारी माझी वेणी ओढून सांगायची : पोरी, हे मोठ्या साहेबाचं आडनाव आहे, ताठ चाल! सत्तर वर्षं मी ताठ चालतेय! आणि साहेब कुठला? उकिरड्याचा!”

मग सगळी बस हसली. मग आम्ही हसलो. दंतवैद्यांनी खिशावरच्या डुकरांकडे बघितलं, आणि तेही इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. टॅटरसॉल माझ्या पाठीत थापा मारत ओरडत होता, “मी मानद आहे! मी फक्त मानद आहे!”

हसू ओसरल्यावर आयसिल्डाबाईंनी मिस पिलिंगना विचारलं, “ते शेत अजून आहे?”

“आहे की.”

“मग चला.”

बसवाला नाही म्हणत होता. त्यालाही मासा देण्यात आला. मागून आमच्या चार गाड्या, आणि सगळ्यात शेवटी सायकलवर हवालदार, कारण एवढे मिक्सनशॉ एकदम कुठे निघालेत हे त्याला बघायचंच होतं. टेकडीवर दगडी कुंपण, चार वाकडी झाडं आणि त्यांच्या पायथ्याशी, वाफा सोडत, घराएवढा शेणाचा ढीग. शेतकरी फावडं टेकून उभा राहिला. सत्तरएक माणसं ठेवणीतल्या कपड्यांत आपल्या उकिरड्याकडे डोळे भरून बघताहेत, हे त्यानं आयुष्यात कधी पाहिलं नसावं.

“कुणाचं काही हरवलंय का?” त्यानं विचारलं.

आयसिल्डाबाई काठी टेकत थेट ढिगापाशी गेल्या. वाकल्या. चिमूटभर उचलून बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं. बर्मिंगहॅमला त्यांचा भाजीचा एक वाफा आहे, हे मला तेव्हा कळलं. भोपळे आणि मिरच्या लावतात.

“चांगलं कुजलंय,” त्या म्हणाल्या. “दोन पोती मिळतील?”

शेतकऱ्यानं पोती दिली. रुपर्टनी कोट काढून कुंपणावर टाकला, बाह्या वर केल्या; मी दुसरं फावडं घेतलं. तोंडाचा वास घेण्यात आयुष्य गेलेला तो माणूस शेणाचं फावडं मारताना शीळ घालत होता. बसवाल्यानं पोती मागच्या खणात टाकायला साफ नकार दिला, वास येईल म्हणून. तेव्हा आयसिल्डाबाईंनी ती पुढच्या आसनावर, आपल्या शेजारी बसवून घेतली.

मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. काही बोलायला हवं होतं, पण मला एवढंच सुचलं, “पुढच्या वर्षी याल ना?”

त्यांनी टोपी सरळ केली आणि एका पोत्यावर हात ठेवला.

“येईन की, पोरा,” त्या म्हणाल्या. “पावणेदोनशे वर्षांत या आडनावानं पहिल्यांदा काहीतरी कामाचं दिलंय.”